डग्गा एका जागी फुगतो तेव्हा: जुन्या घडणीचे हाय-फाय स्पीकर घरी आणताना आणि सांभाळताना

जेबीएलचे एल १०० क्लासिक हे स्पीकर घरी येऊन आठवडा झाला होता. तबला वाजवणारा एक मित्र आला, म्हणून मी त्याच्याच साथीचे, एका घरगुती मैफलीतले ध्वनिमुद्रण लावले. दहाएक मिनिटे ऐकून तो म्हणाला, “अरे, हा डग्गा एका जागी फुगतोय. माझा हात असा नाही पडत.” त्याचे म्हणणे खरे होते. डग्ग्यावर मनगट दाबत नेले की स्वर खालून वर सरकतो आणि ते सरकणे तेलाच्या धारेसारखे सलग ऐकू यायला हवे. आमच्याकडे मात्र वाटेतला एक स्वर भलताच मोठा होत होता आणि पुढचा एकदम बारीक. स्पीकर निर्दोष होते, अ‍ॅम्प्लिफायरही चांगला होता. चूक एवढीच होती की मी सोफा मागच्या भिंतीला टेकवून ठेवला होता.

हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे. असे स्पीकर घेणारा माणूस बहुधा लाखांच्या घरात खर्च करतो, पण आधी टेपपट्टी घेऊन खोली मोजत नाही. खरेदीपासून पावसाळ्यातल्या देखभालीपर्यंतची कामे ज्या क्रमाने करावीत असे मला अनुभवाने वाटते, त्याच क्रमाने ती पुढे दिली आहेत.

जुन्या घडणीचे म्हणजे नेमके काय

गेल्या काही वर्षांत अनेक नामांकित कंपन्यांनी आपली पन्नास-साठ वर्षांपूर्वीची रूपे नव्याने बाजारात आणली आहेत. मूळ एल १०० हा १९७० सालचा, आणि तो जेबीएलच्याच ४३१० या स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे स्टुडिओत ध्वनिमुद्रण पारखायच्या स्पीकरची, घरगुती आवृत्ती होता. २०१८ मध्ये त्याचा ‘क्लासिक’ अवतार आला. बारा इंची पांढरा वूफर (खालचे सूर वाजवणारा भाग), अक्रोडाचा व्हिनियर (लाकडाचे पातळ अस्तर) आणि चौकोनी उंचवट्यांची फोमची जाळी हे रूप तेच, आतले भाग मात्र नव्याने रचलेले. गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ मध्ये यॉर्कशायरमध्ये सुरू केलेल्या व्हार्फडेलचा लिंटन हा मूळचा १९६५ चा, आणि आजचा लिंटन हेरिटेज २०१९ चा. टॅनॉयने १९७६ मधली आर्डेन, चेव्हियट आणि ईटन ही तीन मॉडेले २०१७ मध्ये पुन्हा काढली. वूफरच्या मध्यभागीच ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा भाग, बसवण्याची, ड्युअल कॉन्सेंट्रिक नावाची टॅनॉयची युक्ती तर १९४७ पासूनची आहे. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातील होप या लहानशा गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचा क्लिप्शहॉर्न आजही बनतो, आणि १९५७ चा हेरेसी आता चौथ्या पिढीत आहे.

या साऱ्यांत समान काय आहे? रुंद दर्शनी फळी, मोठा वूफर, खऱ्या लाकडाचे अस्तर आणि फर्निचरसारखे भारदस्त खोके. ही रुंदी केवळ शोभेची नव्हे. खालचे सूर खोक्याला वळसा घालून मागे पसरतात, वरचे सूर समोर जातात, आणि हा बदल कुठल्या सुरापाशी व्हायचा हे फळीच्या रुंदीवर ठरते. एल १०० ची रुंदी सुमारे ३९ सेंटिमीटर आहे. आजच्या सडपातळ उभ्या स्पीकरची रुंदी पुष्कळदा त्याच्या निम्मी असते. त्यामुळे रुंद खोक्यातून गायकाच्या आवाजाचा खालचा भागही मागे न पसरता थेट समोर येतो, आणि गळ्याला जे अंग जाणवते ते यातून जाणवते असे माझे मत आहे. याची किंमतही आहे. रुंद फळीचे स्पीकर कोण पुढे आणि कोण मागे बसले आहे हे दाखवण्यात बहुधा अरुंद स्पीकरांइतके तरबेज नसतात. ज्यांना गायकाच्या मागे तंबोरा किती हात अंतरावर आहे हे ऐकायचे आहे, त्यांनी घेण्याआधी दोन्ही प्रकार शेजारी ठेवून ऐकावेत.

या घराण्यातला एक धाकटा सदस्य मात्र अगदी लहान आहे. बीबीसीच्या संशोधन विभागाने १९७० च्या दशकात स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत मावावा म्हणून तयार केलेला एलएस३/५ए हा जेमतेम पाच लिटरचा बंद खोका आहे. खर्जात तो थिटा आहे, पण माणसाचा आवाज तो इतका खरा देतो की आजही तो परवान्यावर तयार होतो. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या खोलीसाठी मी बारा इंची वूफरऐवजी याचीच शिफारस करीन.

पहिले काम: खोली मोजणे

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा आणि ५७० या संख्येला त्या प्रत्येक मापाने भागा. येणारे उत्तर म्हणजे त्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये, किंवा जमीन आणि छतामध्ये, सर्वांत आधी घुमणारा सूर, हर्ट्झमध्ये. त्याची दुप्पट आणि तिप्पटही लिहून ठेवा. आमचा दिवाणखाना १६ बाय ११ फुटांचा आणि साडेनऊ फूट उंच आहे, म्हणजे लांबीचे ३६ आणि ७१, रुंदीचा ५२, उंचीचा ६०. आता काळी एक हा पुरुष गायकांचा नेहमीचा षड्ज घेतला, तर तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि डग्ग्याचे घुमारेही त्याच टापूत फिरतात. माझ्या मित्राला जे फुगणे ऐकू आले, ते या ७१ च्या आकड्याचे होते.

ज्या खोलीचे हे आकडे एकमेकांपासून दूर विखुरलेले असतात ती खोली संगीताला बरी. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत मात्र ५७ हर्ट्झ दोन बाजूंनी घुमतो, म्हणून तेथे मोठा वूफर आणणे म्हणजे त्या एकाच सुराला खतपाणी घालणे होय. आमच्याकडे काही ओळखीच्यांनी घरातली चौकोनी बेडरूम ‘संगीताची खोली’ म्हणून ठरवली होती. त्यांना मी दिवाणखान्यातच ऐकण्याचा सल्ला दिला, कारण दिवाणखाना लांबट असतो आणि त्याचे एक अंग बहुधा जेवणाच्या जागेकडे उघडे असते. अशा उघड्या बाजूने खर्ज बाहेर पडू शकतो.

दुसरे काम: नवे घ्यावे की मूळ जुने

मूळ १९७० च्या दशकातली जोडी मिळाली तर ती घेण्याचा मोह होतो, आणि तो वावगा नाही. पण जुने स्पीकर म्हणजे डागडुजीची जबाबदारी हे मान्य करूनच व्यवहार करावा. त्या काळातल्या आणि त्यानंतरच्या दशकातल्या अनेक वूफरांच्या कडा फोमच्या असत. फोम हवेतल्या ओलाव्याने आणि काळाने कुजतो, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत तर लवकरच. मी एकदा अशी एक जोडी पाहायला गेलो होतो. विकणाऱ्याने जाळी काढली, मी वूफरच्या कडेला करंगळी टेकवली, आणि बोटाला काळसर, किंचित चिकट भुकटी लागली. दाबसुद्धा द्यावा लागला नव्हता. वूफरचा हलणारा कागदी पडदा शाबूत असेल तर कडा नव्याने लावता येते, पण ती मूळच्याच लवचिकतेची मिळायला हवी, नाहीतर वूफरचा स्वभावच बदलतो. कापडी किंवा रबरी कडा असलेले वूफर या बाबतीत पुष्कळ टिकाऊ ठरतात.

पाहायला जाताना टॉर्च आणि ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. दोन्ही हातांची बोटे पडद्यावर सारख्या अंतरावर ठेवून तो अलगद आत दाबावा. खरखर ऐकू आली तर पडद्यामागची कॉइल, म्हणजे तो हलवणारे तारेचे वेटोळे, घासते आहे. मध्यम आणि तार सुरांचे बटण असेल तर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत दहाबारा वेळा फिरवून पाहावे, कारण आतला गंज आवाज तोडतो. प्रत्येक ट्वीटरजवळ कान नेऊन तो खरोखर वाजतो आहे याची खात्री करावी, कारण नुसत्या मिडरेंजवर, म्हणजे मधल्या सुरांच्या भागावर, चालणारी जोडी दुरून सहज फसवते. दोन्ही स्पीकरांचे क्रमांक जवळचे असले तर ती मूळची जोडी असण्याची शक्यता अधिक. क्रॉसओव्हरमधले, म्हणजे सूर वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटून देणाऱ्या सर्किटमधले, जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात, ते दोन्ही बाजूंचे एकदमच आणि त्याच मूल्याचे बदलावेत.

ज्यांना या खटपटीत रस नाही त्यांनी सरळ नवी जोडी घ्यावी आणि ती अधिकृत वितरकाकडून घ्यावी, म्हणजे ट्वीटर जळला तर त्याच जातीचा ट्वीटर मिळण्याची सोय राहते. परदेशातून येताना एखादा नातेवाईक स्पीकर आणतो म्हणाला तरी वजनाचा विचार करावा: लिंटन नगामागे १८ किलोच्या वर आहे, एल १०० जवळजवळ २७ किलोचा आहे, आणि क्लिप्शहॉर्न सुमारे शंभर किलोंचा. स्पीकरांना विजेच्या दाबाची अडचण नसते, पण सोबत अमेरिकेतला किंवा जपानमधला जुना अ‍ॅम्प्लिफायर आणला तर तो अनुक्रमे १२० आणि १०० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय जोडला की जळतो.

तिसरे काम: जागा, आणि त्यात घाई न करणे

या कामाला एक सुटीचा दिवस द्यावा आणि मदतीला एक माणूस घ्यावा. मोबाइलमधल्या कुठल्याही मोजणी-अ‍ॅपपेक्षा मी येथे एका गळ्याचा आणि एका डग्ग्याचा कौल अधिक मानतो.

सुरुवातीला स्पीकर खोलीच्या आखूड भिंतीसमोर, मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे आणि बाजूच्या भिंतींपासून निदान दोन फूट आत ठेवावेत. दोन्ही ट्वीटरांमधले अंतर सहा ते आठ फूट असावे, आणि ऐकणाऱ्याची जागा त्या अंतराइतकीच किंवा थोडी अधिक लांब. कोपरा टाळावा, कारण कोपऱ्यात तीन पृष्ठभाग एकत्र येऊन खर्जाला जोर देतात. याला अपवाद क्लिप्शहॉर्नचा: तो कोपऱ्यासाठीच बेतलेला आहे आणि मूळ रचनेत त्याच्या कर्ण्याचा उरलेला भाग म्हणजे खोलीच्या भिंतीच असत (आजच्या आवृत्तीत कर्णा मागून बंद केलेला आहे), त्यामुळे ज्यांच्या घरात दोन मोकळे, सारखे कोपरे नाहीत त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याच कारखान्याचा हेरेसी आपल्या घरांना अधिक मानवतो.

मग गायकाचे एखादे ध्वनिमुद्रण लावावे, ज्यात गळा मध्यभागी आहे. दोन्ही ट्वीटरांपासून कानापर्यंतचे अंतर टेपपट्टीने मोजून ते सेंटिमीटरभराच्या आत सारखे करावे. एवढ्यानेच गळा दोन खोक्यांच्या मध्ये, हवेत, एका जागी उभा राहतो. राहिला नाही तर एका स्पीकरची लाल-काळी तार उलट जोडली आहे का ते आधी तपासावे. जुन्या जेबीएल स्पीकरांत लाल टोकाला धन दाब दिला की पडदा आत जात असे, बाहेर नव्हे, म्हणून दोन वेगळ्या काळातले स्पीकर एकत्र जोडणाऱ्यांनी नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नये.

यानंतर डग्गा. घुमारा सलग ऐकू येतो का, हे पाहण्यासाठी विलंबित लयीतला ठेका घ्यावा. फुगत असेल तर आधी स्पीकर नव्हे, आपली बसण्याची जागा हलवावी. भिंतीपाशी प्रत्येक घुमणारा सूर सर्वांत मोठा असतो, आणि आपल्या घरांत सोफा नेमका भिंतीला चिकटलेला असतो. मी सोफा वीतवीतभर पुढे घेत गेलो. चार फुटांवर, म्हणजे लांबीच्या चौथ्या हिश्शावर, डग्गा एकदम पोकळ झाला, कारण तेथे ७१ हर्ट्झचा सूर जवळजवळ नाहीसा होतो. मागे येत अडीच फुटांवर थांबलो, तेव्हा घुमारा सरळ झाला आणि तंबोऱ्याची खर्जाची तार इतर तारांच्या पंगतीत येऊन बसली. दिवाणखान्यात सोफ्यामागे अडीच फुटांची पट्टी रिकामी सोडणे घरातल्यांना पटवावे लागते. आम्ही तेथे बुटके पुस्तकांचे कपाट ठेवले, आणि पुस्तकांच्या असमान कडांनी मागून परतणारा आवाजही विस्कटला, हा वेगळाच लाभ झाला.

आता स्पीकर एकेक बोटभर, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर, मागेपुढे करावेत. मागे नेले की गळा जाड होतो, पुढे आणले की मोकळा होतो पण पातळही होऊ शकतो. प्रत्येक जागेवर रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावून वर क्रमांक लिहावा, म्हणजे संध्याकाळी परत क्रमांक तीनवर जाता येते. स्पीकर ऐकणाऱ्याकडे किती वळवायचे ते शेवटी ठरवावे. वळवले की गळा रेखीव होतो आणि टाळ-झांजा टोचू लागतात; सरळ ठेवले की खोली मोठी वाटते. काही मॉडेलांत ट्वीटर मध्यरेषेपासून बाजूला असतो, तेव्हा डावा-उजवा अदलून ट्वीटर आत आणि बाहेर अशा दोन्ही परींनी ऐकून पाहावे.

उंचीविषयी आपल्याकडच्या एका सवयीचा विचार पाश्चात्त्य मार्गदर्शनांत सापडत नाही, ती म्हणजे बैठक. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे मीटरभर उंच असतो, गादीवर मांडी घालून बसलेल्याचा त्यापेक्षा वीतभर तरी खाली. एल १०० साठी जो बुटका, मागे कललेला स्टँड मिळतो, तो बैठकीला अतिशय जुळतो. लिंटनसोबतचे उंच स्टँड खुर्चीसाठी ठीक आहेत. आपण खरोखर कसे बसून ऐकतो ते आधी ठरवावे आणि मग ट्वीटर कानाच्या रेषेत येईल असा कल द्यावा. स्पीकरची समोरची जाळी काढून ऐकावे की लावून, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. लिंटनचा आवाज जाळी लावून ऐकण्यासाठीच बेतलेला आहे. इतरांचे दोन्ही प्रकार ऐकून ठरवावे.

चौथे काम: फरशी, खिडक्या आणि टाळी

बसण्याच्या जागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे तारेसारखा झणत्कार आला तर समोरासमोरचे दोन टणक पृष्ठभाग आवाज एकमेकांकडे टोलवत आहेत. व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि मोकळ्या रंगवलेल्या भिंती असलेल्या फ्लॅटमध्ये हे हमखास होते. स्पीकर आणि ऐकणारा यांच्यामधल्या फरशीवर जाड गालिचा किंवा दुहेरी घातलेली सतरंजी अंथरावी. खिडकीला घड्या पडतील असा जड पडदा लावावा. बाजूच्या भिंतीवर एका माणसाने आरसा सरकवत न्यावा, आणि आपल्या जागेवरून त्यात ज्या ठिकाणी ट्वीटर दिसेल त्या ठिकाणी पुस्तके किंवा कापडी भिंतचित्र ठेवावे. सगळी खोली कापडाने मढवू नये, कारण मग गळ्यातले तेज जाते आणि खर्ज मात्र तसाच राहतो. पातळ कापड आणि फोम खर्जाला अडवू शकत नाहीत. हे सगळे झाल्यावर स्पीकरच्या पुढच्या बटणांना हात लावावा. एल १०० वर मध्यम आणि तार सुरांची स्वतंत्र बटणे आहेत. टणक खोलीत तार सुरांचे बटण किंचित खाली आणणे ही काही लाजेची गोष्ट नाही, ती त्याचसाठी दिलेली आहेत.

पाचवे काम: अ‍ॅम्प्लिफायर आणि तारा

माहितीपत्रकातली संवेदनशीलता, म्हणजे ठराविक विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा, ही बहुधा २.८३ व्होल्टला, एक मीटरवर दिलेली असते. आठ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप) स्पीकरमध्ये एवढा दाब म्हणजे एक वॅट, पण एल १०० सारख्या चार ओहमच्या स्पीकरमध्ये दोन वॅट. म्हणून त्याचे ९० डेसिबल वाचताना ही दुप्पट ध्यानात ठेवावी. तीन डेसिबल अधिक हवे असतील तर वॅट दुप्पट लागतात, दहा डेसिबलसाठी दहापट. एलएस३/५ए सुमारे ८३ डेसिबलचा, हेरेसी ९९ चा. या सोळा डेसिबलांचा अर्थ असा की हेरेसीला जेथे एक वॅट पुरतो, तेथे एलएस३/५ए ला चाळीस लागतात. ३००बी या व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळीचा) सिंगल-एंडेड, म्हणजे दर बाजूला एकाच नळीवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम आठेक वॅट देतो, आणि हेरेसीबरोबर तो खोली भरून टाकतो. त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर एल १०० लावला तर तबल्याची थाप बोथट होते.

घरातल्या ऐकण्याचा हिशेब करून पाहिला तर दहा फुटांवर, नेहमीच्या आवाजात, एल १०० एकदोन वॅटही घेत नाही. पण थापेचा क्षणिक उसळता भाग सरासरीच्या वीस डेसिबल वर जाऊ शकतो, आणि तेवढ्यासाठी शंभरपट ताकद हाताशी लागते. चार ओहमला स्थिर राहणारा ५० ते १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर मला पुरेसा वाटतो. ट्वीटर बहुधा मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने जळत नाहीत. लहान अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर ताणला, की त्याच्या चिरफाळलेल्या लहरींनी ते जळतात. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर मागच्या चार आणि आठ ओहमच्या दोन्ही टोकांवर ऐकून पाहावे.

तारांवर मोठा खर्च करण्याची गरज नाही. पाच मीटरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची केबल चालते, आणि दोन्ही बाजूंना सारख्याच लांबीची असावी. वाचलेले पैसे विजेच्या जोडणीवर खर्च करावेत: अर्थिंग तपासून घ्यावे, आणि इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचाच असावा, कारण स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर स्पीकरमध्ये गुणगुणते. सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर घुमघुम सुरू झाली तर त्याची केबल काढून पाहावी. घुमघुम थांबवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढणे हे जिवाशी खेळणे आहे. ते कोणीही सुचवले तरी करू नये.

ऐकताना

जुनी ७८ फेऱ्यांची नाट्यपदे आणि ख्याल या स्पीकरांवर फार सुरेख लागतात, कारण त्या ध्वनिमुद्रणांतले जवळजवळ सारे काही मध्यम सुरांतच आहे. ती मोनो आहेत, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचे बटण असेल तर दाबावे. खरखर कमी होते आणि गळा नेमका मध्ये येतो. क्लिप्शहॉर्नसारखे स्पीकर मुळात एकटेच वाजण्यासाठी तयार झाले होते, कारण स्टिरिओ तबकड्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस आल्या. नवे स्पीकर काही आठवडे वाजल्यावर थोडे मोकळे होतात हे खरे, पण पहिल्या दिवशी जो दोष कानाला खुपतो तो महिन्याभराने आपोआप जाईल या आशेवर परत करण्याची मुदत घालवू नये.

आवाजाच्या पातळीला मर्यादा असावी. ८५ डेसिबल आठ तास कानाला चालतात, आणि पुढे दर तीन डेसिबलना तो वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला एकच तास. आपल्याकडे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खर्ज भिंतींतून आणि स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतो. स्टँडखाली जाड रबराच्या गाद्या घालून मी खालच्या काकूंना त्यांच्याच घरात बसून ऐकायला सांगितले. कोणत्या आवाजाला त्यांना धडधड जाणवते ते कळले, त्या जागी बटणावर पेन्सिलची खूण केली, आणि रात्री ती ओलांडत नाही.

पावसाळा, धूळ आणि वर्षभराची निगा

व्हिनियर हे खऱ्या लाकडाचे पातळ कातडे आहे. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन त्यावर पडू देऊ नये, एक बाजू फिकी पडली की ती परत येत नाही. पुसण्यासाठी कोरडे, मऊ, धुतलेले सुती कापड पुरते. सिलिकॉनचा फवारा वापरू नये. टॅनॉयच्या प्रेस्टिज मालिकेसारखे मेण लावायचे स्पीकर असतील तर कारखान्याचेच मेण, अगदी थोडे, लाकडाच्या रेषेच्या दिशेने लावावे. फोमची जाळी खोक्यापासून काढून, बाहेर नेऊन मऊ ब्रशने झटकावी. पडद्यांवर आणि ट्वीटरच्या घुमटावर व्हॅक्यूम क्लीनर कधीही लावू नये. घरात लहान मूल असेल तर जाळी लावलेलीच ठेवावी; टायटॅनियमचा घुमट बोटाने एकदा आत गेला की पूर्वीसारखा होत नाही.

जून ते सप्टेंबर स्पीकर बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीजवळ ठेवू नयेत, आणि रोज तासभर तरी वाजवावेत. पेस्ट कंट्रोलवाले येतील त्या दिवशी स्पीकर चादरीने झाकून शक्य तर दुसऱ्या खोलीत न्यावेत. फवारा कागदी पडद्यावर पडला की डाग राहतो. वाळवीच्या भागात खोके थेट जमिनीवर टेकवू नयेत. उदबत्ती आणि धूप स्पीकरसमोर लावू नये, त्याची राळ ट्वीटरवर बसते. आवाज काढणाऱ्या साऱ्या यंत्रांत अ‍ॅम्प्लिफायर शेवटी सुरू करावा आणि सर्वांत आधी बंद करावा, म्हणजे धक्का ट्वीटरपर्यंत पोचत नाही.

पाऊस सरल्यावर, खंडेनवमीला घरातली हत्यारे काढली जातात, त्याच दिवशी मी स्पीकरांचीही तपासणी करतो. सगळ्या यंत्रांचे प्लग काढून तारांची टोके सोडवतो, काळवंडलेले तांबे कापून नवे टोक सोलतो आणि पुन्हा घट्ट बसवतो. वूफरचे स्क्रू एकाआड एक, समोरासमोरचे, हातानेच पाव फेरा देऊन पाहतो. त्याहून अधिक आवळले तर लाकडातले आटे जातात. बटणे टोकापासून टोकापर्यंत दहा वेळा फिरवून खुणेवर परत आणतो. चिकटपट्टीच्या खुणा सोफ्याखाली अजून आहेत का पाहतो, आणि नसल्या तर वहीत लिहिलेल्या मापांवरून नव्या लावतो. शेवटी मित्राचे तेच ध्वनिमुद्रण लावून विलंबित ठेक्यातला डग्गा एकदा ऐकतो.